मानसिंग वायरमनचे दहापैकी नऊ

उत्रोलीत फुलाबाईंच्या तोंडाला सगळे वचकून असतात. गिरणीत तांदळाची कणी जास्त निघाली तर त्या मालकाला चार गिऱ्हाइकांसमोर विचारतात, ग्रामसभेत पहिल्या रांगेत बसून ग्रामसेवकाला अर्ध्या वाक्यात थांबवतात, आणि कुठल्या घरात सुनेला छळतायत असं कानावर आलं की बोलावणं नसताना त्या घरी चहाला जातात. खोटं बोलणाऱ्याची त्यांना मनस्वी चीड. अशी ही बाई दोन वर्षं रोज सकाळी उठून एकच खोटं बोलत होती, आणि इतकं बेमालूम बोलत होती की पोटच्या पोरालाही पत्ता लागला नव्हता.

"आण्णा कसे आहेत, आई?" चाकणहून इंद्रजितचा फोन यायचा.

"त्येंना काय धाड भरलीय? जेवून पडलेत."

आण्णा त्या वेळी ओसरीवर उभे राहून मीटरच्या पेटीला हुकूम सोडत असायचे.

आण्णा म्हणजे मानसिंगराव, वीज मंडळाचे वायरमन. भोरपासून पार वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत ते चढले नाहीत असा खांब शोधूनही सापडायचा नाही. फुलाबाईंचं माहेर वेल्ह्याच्या अंगाला. त्यांच्या वाडीत पहिल्यांदा वीज आली तेव्हा खांबावर हाच तरुण होता. त्याची पक्कड खाली पडली. खाली उभ्या असलेल्या पोरींना तो म्हणाला, "द्या की वर." बाकीच्या लाजल्या. फुलाने पक्कड उचलून अशी फेकली की ती थेट त्याच्या गुडघ्यावर बसली. पुढल्या वर्षी त्यांचं लग्न झालं. त्या गुडघ्याचं निमित्त करून मानसिंगरावांनी नंतर कितीतरी वर्षं पाणी भरायचं टाळलं.

आता वय शहात्तर. दोन वर्षांपूर्वी आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग जेवल्याची आठवण गेली. राहिला तो वायरमन. दिवा जरा मिणमिणला की उठून घरचा मेन स्विच बंद करणार. शेजारच्या घरात शिरून त्यांचाही करणार. रस्त्यावर उभं राहून "लाईन बंद हाय, कुणी हात लावू नका!" म्हणून ओरडणार. आणि कधी कधी स्वतःच्या बायकोकडे नीट निरखून बघून अदबीने विचारणार, "बाई, तुमचा मीटर नंबर सांगा. तक्रार लिहून घेतो."

पहिल्या वेळी फुलाबाईंनी त्यांना फैलावर घेतलं. दुसऱ्या वेळी रडल्या. तिसऱ्या वेळी मीटर नंबर सांगून टाकला. मानसिंगरावांनी तो पेपराच्या कडेला लिहून घेतला, "उद्या माणूस येईल" म्हणाले आणि शांत बसले. तेव्हापासून फुलाबाईंना तो आकडा तोंडपाठ झाला.

पण एवढं सगळं करायचं तर माणसाला घर सोडता येत नाही. दोन वर्षांत फुलाबाई बाजाराला गेल्या नाहीत. वेल्ह्याला धाकट्या बहिणीच्या लेकीचं लग्न झालं, तिथे गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणून कळवलं. गुडघे बिचारे ठणठणीत. झोप तर अशी लागायची की डोळा मिटला तरी कान मेन स्विचपाशी. गल्लीतली माणसं आंधळी नव्हती. पण फुलाबाईंसमोर "म्हातारबा बिघडलेत" असं म्हणायची कुणाची छाती होती?

अशात पुण्याहून एक अभ्यास आला. साठीपुढच्या माणसांची स्मरणशक्ती कशी आहे, आणि ज्यांची ढासळलीय त्यांना घरात कोण सांभाळतं, त्या सांभाळणाऱ्याचे काय हाल होतात, हे भोर आणि वेल्हे तालुक्यांत घरोघर जाऊन विचारायचं होतं. विचारायला आली नुजहत. भोरचीच मुलगी, समाजकार्यात एम.ए. झालेली, स्कूटीवर फिरणारी, आणि चार घरांचा चहा पिऊनही पाचव्या घरी नाही न म्हणणारी.

सोमवारी ती पहिल्यांदा बाळाबाईच्या घरी गेली. बाळाबाई म्हणजे फुलाबाईंची भिंतीपलीकडची शेजारीण. तिचे सासरे गेनबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. नुजहतने त्यांना दहा शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आठवतील तेवढे सांगा, बाबा." गेनबांनी विचारलं, "कसले शब्द? तू कुणाची गं?" दहापैकी शून्य. बाळाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुजहतची स्कूटी वळणावर दिसेनाशी झाली आणि बाळाबाई पदर खोचून गल्लीत उतरली.

"आमच्या म्हाताऱ्यानं घालवली, तुमी तुमची घालवू नका! लिहून घ्या. लिंबू, कुलूप, चटई, घंटा, कंदील, पपई, टोपली, चप्पल, डोंगर, हत्ती."

झालं. पेपर फुटला. उत्रोलीच्या त्या गल्लीत दोन दिवस साठीपुढची सगळी माणसं घोकंपट्टी करत होती. पारावर पत्ते कुटणारे सोनबा आणि हनुमंत पानागणिक "कंदील, पपई, टोपली" म्हणत होते. यात आपण काही वावगं करतोय असं कुणालाच वाटलं नाही. परीक्षा म्हटल्यावर घरच्या माणसाला मदत करायची नाही, तर करायची कुणाला?

फुलाबाईंचं मात्र नुसत्या घोकण्यावर भागणार नव्हतं. बाळाबाईने आणखी एक पुडी सोडली होती.

"वयनी, नापास झालेल्यांची नावं त्या कागदात भरत्यात. मग गाडी येती आन् येड्यांच्या दवाखान्यात नेत्यात."

"कोण म्हनलं?"

"कोण कशाला म्हनाय पायजे? उगं कुणी एवढ्या लांब चहा प्यायला येतंय व्हय?"

ज्या माणसाने चाळीस वाड्यांत दिवे लावले त्याला वेड्यांच्या गाडीत बसवायचं? फुलाबाईंनी कंबर कसली. मंगळवारी सकाळपासून शिकवणी सुरू.

"म्हना, लिंबू."

"लिंबू."

"कुलूप."

"कुलूप."

"आता लिंबू आन् कुलूप, दोनी एकदम म्हना."

"कशाला?" मानसिंगरावांनी विचारलं. विचारणं काही चुकीचं नव्हतं.

दुपारपर्यंत फुलाबाईंचा घसा बसला आणि मानसिंगराव झोपले. तेव्हा बाईंनी दुसरा रस्ता काढला. डोक्यात राहत नाही ना, मग डोळ्यांपुढे ठेवू.

बुधवारी नुजहत आली तेव्हा घराचा अवतार बघून तिला वाटलं, साफसफाई काढलेली दिसते. टीव्हीवर लिंबू. उशीवर कुलूप. चटई भिंतीला टेकून उभी. देवघरातली घंटा खिडकीत, वर खुंटीला कंदील, कपाटावर पपई, पपईशेजारी पालथी टोपली. मधोमध स्टुलावर, घासूनपुसून, एक चप्पल. डोंगर दिसावा म्हणून खिडकी सताड उघडी. अडलं होतं ते हत्तीपाशी. शेवटी फुलाबाईंनी गणपतीचं कॅलेंडर काढून समोरच्या भिंतीवर लावलं. आणि नवऱ्याला बजावलं, "मंडळाच्या स्टोअरच्या मॅडम आल्यात. सामान मोजून द्यायचंय."

नुजहतने दहा शब्द वाचले. इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाली, "आजोबा, आता आठवतील तेवढे शब्द सांगा."

मानसिंगरावांनी काही ऐकलं नव्हतं. पण नुजहतच्या मागे उभ्या फुलाबाई हनुवटीने एकेक दिशा दाखवत होत्या. मानसिंगरावांनी खाकरून घसा साफ केला आणि स्टोअर मोजायला घेतलं.

"लिंबू, एक नग. कुलूप, एक नग. चटई, फाटकी. घंटा, एक. कंदील, काच नाही. पपई. टोपली. चप्पल," इथे ते थांबले, "चप्पल एकच हाय, जोडी न्हाई, लिहून ठेवा. डोंगर."

मग कॅलेंडरकडे नजर गेली. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "गणपती बाप्पा मोरया!"

"दहापैकी नऊ!" नुजहत खूश झाली. "आजी, या वयात फर्स्ट क्लास हो. आता थोडं तुम्हाला विचारते. आजोबांचं करताना थकवा येतो का? कधीच नाही, कधी कधी, बरेचदा की नेहमी?"

"कधीच न्हाई."

"झोप मोडते का?"

"कधीच न्हाई."

"आता बास झालं, असं वाटतं कधी?"

"त्ये का वाटावं? कधीच न्हाई. चहात साखर पुरं का?"

आलेल्या माणसापुढे घरचं दुखणं काढायचं नाही, चहा पुढे करायचा, ही फुलाबाईंच्या आईची शिकवण. अशा शिकवणीने किती बायका आतून पोखरल्या असतील त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. बारा प्रश्नांना बारा वेळा "कधीच नाही" लिहून नुजहत पुढच्या घरी गेली. तिथे सोनबांनी तिने वाचायच्या आधीच "लिंबू, कुलूप, चटई" सुरू केलं. पण ते पडले हजरजबाबी. "आमच्या गावात समदे असंच बोलत्यात," म्हणाले. पुण्याला अभ्यासाच्या डॉक्टरीणबाई आकडे बघून चक्रावल्या. उत्रोलीची एक गल्ली अख्ख्या तालुक्याच्या पुढे! हे लोक इंद्रायणी तांदूळ खातात म्हणून असेल का, यावर तिथे म्हणे एक बैठकसुद्धा झाली.

गाडी काही आली नाही. महिन्याभराने आली ती किकवीची सुलक्षणा, एसटीने. अभ्यासवाल्यांनीच पाठवलेली, अशा म्हाताऱ्यांना सांभाळायचं शिक्षण घेतलेली, धिप्पाड, हसतमुख बाई. आली ती थेट बाळाबाईच्या दारात. सोमवारी आणि गुरुवारी दुपारभर ती गेनबांपाशी बसायची, त्यांची नखं काढायची, त्यांच्याशी भांडायचीसुद्धा. आणि बाळाबाई मोकळी! गुरुवारी भोरला सांभाळणाऱ्यांची बैठक असायची, तिथे जायची. येताना डोळ्यांत पाणी आणि हातात भजी.

भिंतीवरून फुलाबाईंनी विचारलं, "तुलाच का म्हनून बाई दिली?"

"आमचा म्हातारा नापास न्हाई का! नापास झाल्यांनाच देत्यात. तुमच्या घरी नऊ पडल्यात, तुमाला कशाला?"

फुलाबाईंनी भिंतीवरचा हात काढला आणि अंगण झाडायला घेतलं. त्या दिवशी तिसऱ्यांदा.

पुढे आठ दिवसांनी ती दुपार आली. चुलीपाशी भाकरी थापताना फुलाबाईंचा बसल्या जागी डोळा लागला. जाग आली तेव्हा भाकरी काळी झाली होती आणि दार उघडं होतं. अनवाणी धावल्या. गावाबाहेर विजेच्या डीपीपाशी मानसिंगराव उभे होते. पेटीचं दार त्यांनी उघडलं होतं. टोपी घातली होती, खांद्यावर दोर होता, आणि हात आत जायच्या बेतात होता.

त्या दिवशी लाईट गेलेली होती की नाही, हे फुलाबाईंना आजतागायत ठाऊक नाही. त्यांनी विचारलंच नाही. त्या ओरडल्या नाहीत, धरायला गेल्या नाहीत. पाच पावलांवर थांबून म्हणाल्या, "वायरमन, सायबांनी बोलवलंय. आत्ताच्या आत्ता."

"आत्ता? लाईन उघडी टाकून?"

"साहेब म्हनले, पेटी लावून या."

मानसिंगरावांनी पेटीचं दार नीट लावलं, कडी बसतेय का ते दोनदा पाहिलं आणि ते निमूट बाईंच्या मागे आले. घरी पोचल्यावर फुलाबाई उंबऱ्यावर बसल्या. अंबाडा सुटला होता, तो बांधायचंही त्यांना सुचेना. बाजूला बसून मानसिंगरावांनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, शॉक बसला का?"

"व्हय," फुलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून, हाताला धरून त्या भोरच्या एसटीत बसल्या. घरी ठेवणार कुणापाशी? नुजहतचं ऑफिस चौकातल्या एका दुकानावर, दोन खोल्यांचं. सांभाळणाऱ्यांची बैठकही तिथेच भरायची, आणि नेमका गुरुवार होता. आठ-दहा बायामाणसं खुर्च्यांवर बसली होती. त्यांत बाळाबाई. फुलाबाईंनी कुणाकडेही न बघता टेबल गाठलं.

"पोरी, ह्येंना नापास कर."

"काय झालं, आजी? बसा ना."

"बसत न्हाई. बसले तर जीभ वळायची न्हाई. ह्येंना एक शब्द आठवत न्हाई. मी लबाडी केली. लिंबू मी ठिवलं हुतं, पपई मी ठिवली हुती. माझ्याकडं दोन वरसांत कितींदा बघून 'तुमी कोण' म्हनले ह्ये. काल डीपीत हात घालीत हुते. मला सांभाळवत न्हाई आता. न्हाई जमत." आणि मग, आता लाज काढलीच आहे तर पुरती काढावी म्हणून, "आन् आमची आख्खी गल्ली लबाड हाय. पेपर फुटला हुता."

बाळाबाई भजी चावायची थांबली. मानसिंगराव तेवढे ऑफिसचा स्विचबोर्ड तपासत होते.

नुजहतने डोक्याला हात लावला. "आजी! पुण्यात तुमच्या तांदळावर मीटिंग झालीय हो!"

पहिल्यांदा हसल्या त्या खुर्चीतल्या बाया. मग नुजहत. हसता हसता तिने फुलाबाईंना धरून खाली बसवलं. म्हणाली, "यात पास-नापास काही नसतं, हे मीच नीट सांगायला हवं होतं. चूक माझीपण आहे. आणि आजी, हे तुमच्या करण्यात काही कमी पडलं म्हणून झालेलं नाही. मी काही डॉक्टर नाही, तपासतील ते डॉक्टर. पण तुम्ही सांगताय तसं होतं तो आजार असतो. मेंदूचा. डिमेन्शिया म्हणतात, स्मृतिभ्रंश."

"त्याला नाव असतंय?"

"असतं ना."

फुलाबाईंनी ते नाव दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. दोन वर्षं त्या या माणसाच्या हट्टाशी भांडत होत्या, स्वतःच्या नशिबाशी भांडत होत्या. आता समोर नाव असलेलं काहीतरी होतं, आणि नाव असलेल्या गोष्टीशी कसं बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं.

नुजहतने नवे दहा शब्द काढले. आतल्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि कोरी भिंत. मानसिंगरावांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. सांगायची वेळ आल्यावर इकडेतिकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "स्टोअर रिकामं हाय."

दहापैकी शून्य. फुलाबाईंनी मान वर ठेवून ते ऐकलं. पुढचं सगळं नुजहतने भरून घेतलं, डॉक्टरांची तारीख लावून दिली, इंद्रजितला आजच्या आज खरं सांगायचं कबूल करून घेतलं. मग फुलाबाईंचा तो जुना कागद नव्याने काढला.

"आजी, थकवा येतो?"

"नेहमी."

"झोप मोडते?"

"नेहमी."

"आता बास झालं, असं वाटतं?"

फुलाबाईंनी विचार केला. "नेहमीच्या वरचं काय न्हाई का त्यात?"

"नाहीये, आजी."

"मग घाल म्हनावं. कुणी केलाय ह्यो कागद? त्येनं कधी मानूस सांभाळल्यालं दिसत न्हाई."

नुजहतने हे शब्दशः समासात लिहून घेतलं आणि पुण्याला पाठवलं. खुर्चीवर इतका वेळ शांत बसलेले मानसिंगराव तेवढ्यात पुढे झुकले आणि काळजीने विचारते झाले, "मॅडम, बाई पास झाल्या का?"

"नाही, आजोबा."

"बघा की जरा. लई राबती हो ती."

कोण राबते, हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, कोण सांगणार. फुलाबाईंनी त्यांचा शर्ट उगाचच नीट केला आणि त्यांना उठवलं.

गल्लीची परीक्षा पुन्हा झाली. फुलाबाई स्वतः घरोघर सांगून आल्या, आणि त्यांनी सांगितल्यावर घोकण्याची कुणाची बिशाद नव्हती. सोनबांना चार आठवले. ते अजून फुलाबाईंशी बोलत नाहीत. डीपीला मंडळाने मोठं कुलूप ठोकलं. त्यासाठी फुलाबाईंनी साहेबांच्या खुर्चीसमोर अर्धा तास ठिय्या दिला. आणि पुढच्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी बारा वाजता सुलक्षणा त्यांच्या ओसरीवर येऊन टेकली. "जावा आता, मावशी. चारला या. मधी आलात तर दार उघडणार न्हाई."

पिशवी घेऊन फुलाबाई रस्त्याला लागल्या. कुठे जायचं? बहिणीकडे वेल्ह्याला जाऊन यायचं तर दिवस जातो. देवळात जायचं म्हणजे चार जणी विचारणार. समोर एसटी थांबली, त्या चढल्या आणि कंडक्टरने विचारल्यावर तोंडात आलं ते म्हणाल्या, "कापूरहोळ."

कापूरहोळला त्यांचं काहीही काम नव्हतं. फाट्यावर ट्रक उभे होते, गॅरेजात ठोकाठोक चालली होती, हायवेवरून गाड्या सूं सूं जात होत्या. अडुसष्ट वर्षांत फुलाबाई कधी एकट्याने हॉटेलात बसल्या नव्हत्या. नवऱ्याबरोबर बसल्या, पोराबरोबर बसल्या, वऱ्हाडाबरोबर बसल्या. त्या रस्त्याकडेच्या धाब्यात शिरल्या आणि पंख्याखालचं टेबल धरलं. शेजारी दोन ट्रकवाले होते, त्यांनी पाय आखडते घेतले.

"काय देऊ, आजी?" अय्युब मालकांनी गल्ल्यावरून विचारलं. "कुणी यायचंय का मागनं?"

"कुणी न्हाई यायचं. मिसळ दे. तिखट दे, पुचाट नको. आन् घाई करू नको, मला चारपर्यंत येळ हाय."

मिसळ आली. फुलाबाईंनी पहिला घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसलं आणि हात वर केला.

"मालक, अजून दोन पाव."